अंधाऱ्या टोकाचे आकडे

सोमवार, ३ तारीख

परवानगी मिळाली. अर्धीमुर्धी का होईना, पण मिळाली.

दिव्यांचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे काजव्यांसाठी बस डेपोनं अंधारात बसावं, असं म्हणायचंय तुम्हाला?" सगळे हसले. डेपोचा इंजिनिअर सगळ्यात मोठ्यानं.

मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. डेपोच्या नव्या पटांगणाला लागूनच पाणथळ आहे. तिथले नर संध्याकाळी उडत उडत चमकतात. माद्यांना पंख नसतात, त्या खाली गवतात बसून असतात. नराची चमक दिसली की मादी बरोबर दोन सेकंदांनी एकदाच उत्तर देते, आणि ते उत्तर दिसलं तरच तो खाली उतरतो. डोक्यावर पांढरा झोत असला की त्याला ती दिसत नाही, तिला तो दिसत नाही. पंधरा-वीस दिवसांचं आयुष्य, त्यात हे एकच काम. ते राहिलं तर पुढे अंडी नाहीत, काजवे नाहीत.

"पुरावा?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

ठरलं ते असं. आठ खांब उभे आहेत, त्यातला पाणथळाच्या कडेचा एकच दिवा रोज लावायचा. मी दोन टोकांना मोजणी करायची, एक दिव्याजवळ आणि एक तीनशे पावलं लांब, अंधारात. एकाच वेळी, रोज साडेसात ते साडेआठ. १९ तारखेला सुनावणी. आकडे बोलले नाहीत तर २० पासून आठही दिवे.

आमच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्राचे विभागप्रमुख जिन्यात भेटले. "मोजणीवर नाव कुणाचं टाकणार?" मी म्हटलं, माझं. ते नुसतंच "हं" म्हणाले. एकोणीस वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेत इतरांच्या प्रयोगांची भांडी घासली. ते "हं" मी विसरणार नाही.

मंगळवार, ४

कॉलेजच्या ग्रंथपालबाई अंधाऱ्या टोकाला बसणार होत्या. आज जिन्यावरून पाय घसरला, प्लास्टर. एका दिवसात दुसरा माणूस कुठून आणू? विद्यार्थी सुट्टीवर गेलेत.

जेवताना रडकुंडीला आले तर बाबा म्हणाले, "मी बसतो की."

"तुम्ही?"

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग बसवत होतो. काजवे मोजता येणार नाहीत होय मला?"

खरं आहे. दुकान बंद केल्यापासून, वर्ष झालं, ते नुसते घरात बसून आहेत. "आता घड्याळ दुरुस्त करतं कोण?" एवढंच म्हणाले होते आणि कुलूप लावलं होतं. हे काम त्यांनाही बरं पडेल. मला हे आधी का सुचलं नाही?

बुधवार, ५

बाबा साडेसहालाच निघायचं म्हणून हटून बसले. उजेड असतानाच जागा घ्यावी म्हणे. बांधावरून जाताना माझं कोपर घट्ट धरून चालत होते. "माती सरकते गं." माती चांगली खडखडीत होती, पण म्हटलं असू दे.

घडीची खुर्ची मांडून दिली, फळीला कागद आणि लिहायला लाल कागद लावलेली छोटी बॅटरी अडकवून दिली, तशीच दुसरी माझ्याकडे. दहा-दहा मिनिटांचे सहा रकाने, प्रत्येकात दोन आकडे. किती नर चमकले, कितींना उत्तर आलं.

"साधारण किती असतील म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी मी अशीच आले होते तेव्हा तासाला तीसेक दिसले होते."

दिव्याकडे पाठ असल्यानं कागद माझ्याच सावलीत, म्हणून दर दहा मिनिटांनी मलाही बॅटरी लावावी लागली. दिव्याजवळ मला पाच नर दिसले. उत्तर एकही नाही. परत बाबांकडे गेले आणि कागद बघितला. नर एकतीस, उत्तरं आठ. मी त्यांना तिथेच मिठी मारली. ते दचकले, जणू मी अचानक कुठून उगवले.

शुक्रवार, ७

काल बाबांचे चौतीस, आज एकोणतीस. माझे तीन आणि चार. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

सकाळी मात्र मी बाबांवर ओरडले. चहा ओतताना अर्धा कपाच्या बाहेर, सगळा माझ्या कोऱ्या तक्त्यांवर. "जरा बघून ओता की!" त्याआधी कपाटाच्या उघड्या दाराला डोकं आपटून घेतलं आणि दार मीच उघडं टाकलं म्हणून मलाच बोलले. टाकलं होतं मीच. पण दार एवढं मोठं, माणसाला दिसायला नको? हट्टी झालेत. पेपरही वाचत नाहीत हल्ली. "बातम्या काय, रोज त्याच."

दुपारी दादाचा फोन. "बाबांना इकडे पाठव. तू दिवसभर बाहेर, ते एकटे. तुझ्या वहिनीनं खोलीही लावून ठेवलीय." बाबांना विचारलं तर म्हणाले, "आत्ता कसा जाऊ? तुझं काम अडेल ना." इतकी वर्षं वाटायचं बाबांचा कल दादाकडे. आज बरं वाटलं.

रविवार, ९

दुपारपासून पाऊस. मोजणी नाही. एक संध्याकाळ गेली म्हणून मी येरझारा घालतेय, आणि बाबा इतके खुशीत की स्वतःशीच गुणगुणत होते. जेवण झाल्यावर दोन तास निवांत झोपले.

सोमवार, १०

इंजिनिअर आज न सांगता आला. आधी दिव्याखाली माझ्याजवळ दहा मिनिटं उभा राहिला, मग बांधावरून थेट अंधाऱ्या टोकाला. अर्ध्या तासानं परत आला. जाताना काहीच बोलला नाही. अशी माणसं बोलली नाहीत की जास्त भीती वाटते.

बाबांचे आज अडतीस. उत्तरं अकरा.

बुधवार, १२

इंजिनिअरनं डेपोच्या फाटकावर मला गाठलं.

"मॅडम, परवाचा तुमचा त्या टोकाचा आकडा किती?"

"अडतीस."

"मी अर्धा तास बसलो होतो. सात दिसले मला."

"तुम्हाला सवय नाही. काजवे मोजायला नजर लागते."

"असेल." तो डोकं खाजवत म्हणाला. "पण तुमच्या वडिलांनी मी आहे म्हणून ओळखलंच नाही. दहा हातांवर होतो. मी खोकलो तेव्हा विचारलं, कोण आहे?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसावर असा आळ घेताना काही वाटत नाही? तुम्हाला दिवे लावायचेत, लावा. पण खोटारडे ठरवू नका आम्हाला." फाटकावरचा पहारेकरी तोंड वासून ऐकत होता. इंजिनिअर वळून आत गेला.

घरी बाबांना सांगितलं. वाटलं चिडतील, आणखी चार शब्द सुनावतील. ते टेबलावर बोटानं रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "त्याला कमी दिसले असतील." एवढंच.

सात दिवस राहिले.

शुक्रवार, १४

हे लिहिताना नखांत चिखल आहे. लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

सव्वाआठला इंजिनिअर दिव्यापाशी आला. मी मोजतेय, आत्ता नको म्हटलं तरी थांबला. भांडायला नव्हता आला. चर खणलाय हे सांगायला आला होता, दुपारी त्याच्या माणसांनी केबलसाठी बाबांच्या खुर्चीच्या पलीकडे बांध आडवा कापलाय. मी ऐकूनच घेतलं नाही. परवाचंच उकरून काढलं, माझं मीच. तो "मॅडम, ऐका तरी" म्हणतोय आणि मी बोलतेय. पावणेनऊ झाले. मी साडेआठला बाबांना आणायला जाते, रोज, ठरलेलं.

चर हा शब्द मला तेव्हा कुठे ऐकू आला.

मी धावले. खुर्ची रिकामी. कागद फळीला तसाच, कोरा. "बाबा!" उत्तर नाही. खुर्चीच्या पुढे बांधावरून हाका मारत गेले आणि मध्येच पायाखालून एक आवाज आला, अगदी साधा, स्वयंपाकघरातून यावा तसा. "इथं आहे मी. हळू ये, इथं खड्डा आहे."

चर पुरुषभर खोल. खाली गुडघाभर पाणी. मी घसरतच उतरले, हातातली बॅटरी पाण्यात पडली आणि विझली.

"लागलं कुठं?"

"गुडघा. विशेष नाही. तू आली नाहीस म्हणून निघालो, वाट चुकली."

"हाक का नाही मारली?"

"तू कामात होतीस."

मी त्यांचे हात चाचपत होते, हाडं ठीक आहेत का बघत होते. डोळे अंधाराला सरावले तेव्हा लक्षात आलं, चराच्या काठाचं सगळं गवत चमकतंय. वर चार-पाच नर घिरट्या घालत होते. एक तर बाबांच्या उजव्या बाहीवर येऊन बसला होता, त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. चमकायचा, विझायचा, चमकायचा. त्यांच्या हनुवटीवर त्याचा हिरवट उजेड पडत होता.

बाबा म्हणाले, "आज आहेत का गं? मी आज काही लिहिलं नाही."

मला वाटलं, गंमत करतायत. म्हटलं, "बाबा, तुमच्या बाहीवरच बसलाय एक."

"हो? कुठल्या?"

आणि त्यांनी डाव्या बाहीकडे बघितलं.

वरून इंजिनिअरचा आवाज आला, मग त्याचा हात, मग त्याच्या गाडीतला दोर. तोच बाबांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आला.

शनिवार, १५

गुडघा मुरगळलाय, मोडलेला नाही. मग मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते "कशाला, कशाला" करत आले.

काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या मध्ये रुपयाएवढं लहान. "यांना एवढंच दिसतं. समोरचं. कडेचं सगळं गेलंय, आणि अंधारात तर फारच कमी. गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवू." मग बाबांना विचारलं, "केव्हापासून जाणवतंय?"

"दोन वर्षं झाली असतील."

म्हणजे दुकान त्यासाठी बंद केलं. स्क्रू हातातून पडला की सापडायचा नाही, असं बाबा डॉक्टरांना सांगत होते. डॉक्टरांना! मी शेजारच्या खुर्चीवर होते.

चहा, कपाटाचं दार, बांधावर धरलेलं कोपर. मी हे सगळं या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय. आज मागची पानं वाचली आणि वही भिंतीवर फेकावीशी वाटली.

रविवार, १६

सकाळी मी तक्ता लिहायला घेतला. स्वच्छ अक्षरात. दिव्याजवळ, अंधारात, तारीख, नर, उत्तरं. अंधाऱ्या टोकाच्या आठ संध्याकाळी बाबांच्या आकड्यांनी भरल्या. फार सुंदर दिसत होता तक्ता. असा पुरावा कुणी नाकारला नसता.

बाबा पाय स्टुलावर ठेवून समोर बसले होते. म्हणाले, "दे तोच. कुणाला कळणार आहे?"

"इंजिनिअरला कळलंय."

"त्याला सात दिसले, मला अडतीस. त्याचा शब्द माझ्यासमोर. विचारलं तर मी सांगीन, मी मोजले."

"मोजले होते?"

त्यांनी स्टुलावरचा पाय सरकवला. मग म्हणाले, "तू म्हणाली होतीस तीसेक असतात. मी त्याच्या आसपास ठेवत गेलो. फार चुकलं नसेल. शुक्रवारी मात्र हात धजेना."

"बाबा, पण का?"

"तुझ्याकडे माणूस नव्हता. आणि दिसत नाही म्हटलं असतं तर दादाकडे पाठवलं असतंस."

मी "छे" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पाठवलं असतं मी.

मला खरंच वाटत होतं, द्यावा तक्ता. खोटे आकडे एका खऱ्या गोष्टीसाठीच तर आहेत. पाणथळ वाचेल, माझं नाव लागेल, विभागप्रमुख पुन्हा "हं" करणार नाहीत. दुपारभर मी हेच स्वतःला पटवत होते आणि पटतही होतं. संध्याकाळी सातला बूट घातले. अजून तीन संध्याकाळी आहेत. आज आधी अर्धा तास दिव्याजवळ, मग अर्धा तास अंधारात, उद्या उलट. म्हटलं, खरा आकडा किती ते निदान मला तरी कळू दे.

दिव्याजवळ दोन. अंधारात नऊ, उत्तरं तीन.

तीस नाही, पण दिव्याजवळच्यापेक्षा कितीतरी जास्त. बांधावर बसून मी रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

चराला कठडा लागलाय.

मंगळवार, १८

काल अंधारात अकरा, उत्तरं चार. दिव्याजवळ दोन. आज अंधारात आठ, उत्तरं दोन, दिव्याजवळ एक. तिन्ही दिवस दिव्याखाली एकालाही उत्तर नाही.

दोन तक्ते टेबलावर आहेत. एक देखणा, एक तीन ओळींचा. बाबांनी रात्रीचे थेंब स्वतः घालायचा प्रयत्न केला, गालावर पडले. मी घातले. त्यांनी विचारलं, "कुठला नेणार?" म्हटलं, ठरलं नाही. हे खरं आहे.

बुधवार, १९

बाबा बरोबर आले. नको म्हटलं तरी आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी उठले तेव्हा दोन्ही तक्ते हातात होते. विभागप्रमुख मागच्या रांगेत. इंजिनिअर समोर, त्याची फाईल बंद. त्यानं एकदा बाबांकडे बघितलं आणि मग टेबलाकडेच बघत राहिला. तेव्हा कळलं, हा माणूस स्वतःहून काही बोलणार नाही. सगळं माझ्यावर होतं.

मी म्हणाले, "अंधाऱ्या टोकाच्या पहिल्या आठ संध्याकाळचे आकडे मी मागे घेते."

"का?" अध्यक्षबाई.

"मोजणाऱ्याला दिसत नव्हतं."

"असा मोजणारा बसवलात कशाला?"

"मला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. माझे वडील आहेत ते."

बाबा उभे राहिले. गुडघ्यामुळे वेळ लागला. "आकडे मी मनानं लिहिले," ते म्हणाले. "तिनं नाही." आणि बसले.

मी माझ्या तीन ओळी वाचून दाखवल्या. फाटकावर इंजिनिअरला जे बोलले त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. तो खुर्चीत अवघडला. मग अध्यक्षबाईंना म्हणाला, "मी एका संध्याकाळी अर्धा तास तिथं बसलो होतो. अंधारात सात दिसले. त्याआधी दिव्याखाली दहा मिनिटं होतो, एकही नाही. लिहून घ्यायचं असेल तर घ्या." जरा थांबून म्हणाला, "आणि चर आम्ही उघडा सोडला होता. तेही लिहा."

अध्यक्षबाईंनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. "तीन-चार संध्याकाळींवर आठ खांब थांबवता येत नाहीत," त्या म्हणाल्या. सहा उद्यापासून लागणार. पाणथळाकडचे दोन या महिनाअखेरपर्यंत बंद, आणि तिकडच्या सगळ्या दिव्यांना उजेड अडवणारी झापडं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी, पूर्ण पाच आठवडे. "आणि मोजणाऱ्यांची नजर तपासून आणा," असंही म्हणाल्या. कुणीतरी हसलं. बाबाही हसले.

विभागप्रमुख दारात म्हणाले, "तो पहिला तक्ता दिला असतास तर आठही थांबले असते." मी म्हटलं, हो.

जिना उतरताना बाबांनी माझं कोपर धरलं. या वेळी मातीचं निमित्त काढलं नाही.

रविवार, २३

गुरुवारी सहा दिवे लागले. पाणथळाच्या पलीकडच्या अंगाला तो उजेड पोचतोच, झापडं असूनही. त्या बाजूला काल मला एकही दिसला नाही. अलीकडे दहा दिसले. पुढच्या वर्षी किती असतील सांगता येत नाही.

दादाचा फोन आला. मी काही बोलायच्या आत बाबांनीच घेतला आणि डोळ्यांचं सांगून टाकलं, हवामान सांगावं तसं. पलीकडून दादा बराच वेळ बोलत होता. बाबा म्हणाले, "नाही, इथंच. तिला चालत असेल तर." मग फोन हातात धरून माझ्या दिशेला बघत राहिले, जरा चुकीच्या दिशेला. मी म्हटलं, "चालतंय." मोठ्यानं म्हटलं, दादालाही ऐकू गेलं पाहिजे म्हणून.

संध्याकाळी थेंब घालून आम्ही गॅलरीत बसलो होतो. एक प्रश्न आठ दिवस माझ्या मनात होता. विचारला.

"बाबा, तुम्हाला काही दिसत नव्हतं, तर रोज तासभर त्या अंधारात करत काय होतात?"

"तुझा दिवा बघत होतो."

"कुठला दिवा?"

"दर दहा मिनिटांनी तू आकडा लिहायला बॅटरी लावायचीस ना, लाल कागद लावलेली. अगदी समोर धरून बघितलं की तेवढी दिसायची." त्यांनी बोटांनी चिमूटभर जागा दाखवली. "ती लागली की कळायचं, तू आहेस. मग मीही एक आकडा लिहायचो."